काडी, कात आणि कीड

ग्रीन टीच्या डब्यावर हल्ली ‘कॅटेचिन’ हा शब्द ठळक छापलेला असतो. तो वाचून जपानी चहाचे मळे डोळ्यांपुढे येतात, पण शब्द मुळात आपल्या पानाच्या डब्यातला आहे. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून ते पाणी आटवलं की कात होतो. युरोपातले व्यापारी या काताला ‘कॅटेचू’ म्हणत. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्यातलं तुरट द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला कातावरूनच कॅटेचिन हे नाव दिलं. चिपळूण तालुक्यात काताचे कारखाने आहेत, आणि कातकरी या जमातीचं नावच या धंद्यावरून पडलेलं आहे. सुश्रुतसंहितेत दातवणासाठी झाडं सांगताना तुरट रसाच्या झाडांमध्ये खैर श्रेष्ठ मानला आहे, कडूंमध्ये कडुनिंब, तिखटांमध्ये करंज आणि गोडांमध्ये मोह. म्हणजे खैराची काडी चावणारा माणूस आणि चहातल्या कॅटेचिनचा दातांवरचा परिणाम तपासणारी प्रयोगशाळा हे दोघे एकाच वाटेवर आहेत. मधे दोन हजार वर्षांच्या आसपासचं अंतर आहे, एवढंच.

दात किडू नयेत म्हणून वनस्पतींतून काही मिळतं का, या प्रश्नावर गेल्या चाळीसेक वर्षांत प्रचंड काम झालं. माझं मत आधीच सांगून टाकतो. वनस्पतींमध्ये दात वाचवू शकणारी द्रव्यं आहेत, याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती आपण त्यांना विचारत आलेल्या प्रश्नाबद्दल. प्रयोगशाळा बहुतेक वेळा विचारते, ‘जंतू मेले का?’ आईला मात्र विचारायचं असतं, ‘माझ्या मुलाच्या दाढेला भोक पडायचं थांबेल का?’ हे दोन प्रश्न एकच आहेत असं धरून चालल्यामुळे आपली बरीच मेहनत आणि बरीच आशा वाया गेली आहे.

आणि भोकं काही थोडी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे २०० कोटी लोकांचे कायमचे दात किडलेले आहेत, आणि ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे. आपल्याकडे २००२-०३ साली झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात १२ वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांच्या तोंडात कीड आढळली, आणि ३५ ते ४४ या वयात ८०.२ टक्के लोकांच्या. ‘दुधाचेच दात आहेत, पडतील’ म्हणून सोडून दिलेली दाढ रात्री ठणकायला लागली की ते मूल नीट जेवत नाही, झोपत नाही, शाळेत लक्ष देऊ शकत नाही. हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना आकडे सांगायची गरज नाही.

कीड या शब्दानंच आपल्याला फार काळ फसवलं. दातात खरोखरची अळी असते ही समजूत बॅबिलोनपासून कोकणापर्यंत सगळीकडे होती. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी दाढेला देत आणि कीड पडली म्हणून दाखवत. फ्रान्सच्या पिएर फोशारनं १७२८ साली आपल्या ग्रंथात या अळीला नकार दिला. पण खरा उलगडा बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलबी मिलर या अमेरिकी दंतवैद्यानं केला. १८९० साली त्यानं मांडलं की तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड पदार्थांचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. १९२४ साली लंडनमध्ये क्लार्कनं किडलेल्या दातातून एक जंतू वेगळा काढला आणि त्याला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स असं नाव दिलं. पुढे १९४० च्या दशकात स्टीफननं दाखवलं की साखरेच्या पाण्यानं चूळ भरली की काही मिनिटांतच दातांवरच्या थराचा सामू झपकन खाली येतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतात. लाळ ते परत भरत असते. दिवसातून किती वेळा सामू खाली जातो आणि लाळेला भरपाईसाठी किती उसंत मिळते, यावर दाताचं नशीब ठरतं.

म्यूटन्सचा खरा पराक्रम मात्र आम्लात नाही, चिकटपणात आहे, आणि वनस्पतींचा संबंध येतो तो इथेच. साध्या साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. ही जोडी तोडताना जी ऊर्जा सुटते ती वापरून हा जंतू ग्लुकोजची लांब, चिकट साखळी विणतो. त्यासाठी त्याच्याकडे ग्लुकोसिलट्रान्सफरेज नावाची विकरं असतात. या साखळ्यांचं जाळं दाताला घट्ट बसतं. त्यात इतर जंतू घर करतात, आम्ल आत कोंडून राहतं आणि लाळ आत शिरू शकत नाही. गुळातही बहुतांश हीच साखर असते, तेव्हा गूळ दातांना चालतो या समजुतीला आधार नाही.

आता काताकडे परत येऊ. काताचा, हिरड्याचा किंवा कोऱ्या चहाचा घोट घेतला की तोंड ओढल्यासारखं होतं. कारण त्यातली कॅटेचिनं आणि टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना पकडून गोळा करतात. विकरंही प्रथिनंच असतात. चहातलं ईजीसीजी नावाचं कॅटेचिन म्यूटन्सच्या त्या विणकाम करणाऱ्या विकराला जखडतं आणि चिकट साखळी होऊ देत नाही, हे प्रयोगनळीत वारंवार दिसलं आहे. क्रॅनबेरी या उत्तर अमेरिकेतल्या आंबट फळातल्या टॅनिनांबाबतही असंच दिसलं. पण ज्या गुणामुळे हे द्रव्य कामाचं ठरतं, त्याच गुणामुळे ते तोंडात हरतं. प्रयोगनळीत त्याला पकडायला फक्त जंतूचं विकर असतं. तोंडात लाळेची प्रथिनं आधी पुढ्यात येतात आणि द्रव्य तिथंच खर्च होऊन जातं. त्यात आपल्या चहात दूध. दुधातलं केसीन कॅटेचिनांना आधीच बांधून ठेवतं. आणि वर दोन चमचे साखर. घराघरात, टपऱ्यांवर दिवसातून पाच वेळा प्यायला जाणारा हा चहा दातांसाठी औषध नव्हे, सामू पाच वेळा खाली ओढणारं पेय आहे. क्रॅनबेरीचा बाटलीबंद रसही तसाच, आंबट आणि साखर घातलेला.

माझ्या मते या सगळ्या संशोधनातली सर्वांत बोलकी गोष्ट चहाची नाही, मधमाश्यांची आहे. मधमाश्या झाडांच्या कळ्यांवरची आणि सालीवरची राळ गोळा करून पोळ्याच्या फटी लिंपतात. तिला प्रोपोलिस म्हणतात. ब्राझीलच्या प्रोपोलिसमधून अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठातल्या ह्यून कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन द्रव्यं निवडली, एपिजेनिन आणि फार्नेसॉल. पहिलं चिकट साखळी विणणाऱ्या विकराला अडवतं. दुसरं जंतूच्या पटलावर काम करतं आणि आम्लात तग धरायची त्याची ताकद कमी करतं. साखरेवर ठेवलेल्या उंदरांच्या दातांना ही द्रव्यं लावली तेव्हा कीड कमी झाली, पण तोंडातल्या म्यूटन्सची संख्या मात्र फारशी घटली नाही. जंतू मेले का, असं विचारलं असतं तर उत्तर ‘नाही’ आलं असतं आणि ही द्रव्यं टोपलीत गेली असती. भोकं मोजली म्हणून ती टिकली. पुढे याच मंडळींनी ती थोड्या फ्लोराइडबरोबरही दिली, आणि त्या मिश्रणानंही उंदरांचे दात चांगले राखले.

जंतू मारण्याच्या मार्गानंही काही चांगलं हाती लागलं आहे, हे नाकारत नाही. ज्येष्ठमधाच्या चिनी जातीच्या मुळांतून लॉस एंजलिसमध्ये वेन्युआन शी यांच्या गटानं ग्लायसिरायझॉल-ए हे द्रव्य वेगळं केलं. एका मिलीलिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम इतक्या अत्यल्प मात्रेत ते म्यूटन्सला रोखतं. त्यांनी त्याचा बिनसाखरेचा लॉलीपॉप तयार केला. ही कल्पना मला फार आवडते. मुलाला चुळा भरायला लावण्यापेक्षा चघळायला देणं सोपं, आणि चघळताना द्रव्य दातांपाशी बराच वेळ राहतं. जायफळातलं मॅसेलिग्नन, बावचीतलं बाकुचिऑल, लवंगेतलं युजेनॉल अशी यादी बरीच लांबवता येईल. पण पेट्रीच्या बशीत एकट्या जंतूला मारणं आणि दातावर थर करून राहिलेल्या जमावाला हात लावणं यांत फार फरक आहे. थरातले जंतू सुट्या जंतूंपेक्षा कितीतरी पट चिवट असतात. चूळ थुंकली की लाळ काही मिनिटांत उरलेलं औषध धुऊन नेते. आणि म्यूटन्स एकटाच गुन्हेगार नाही. त्याला हटवलं तरी आम्ल करणारे दुसरे जंतू जागा भरायला असतातच.

तोंडाच्या आरोग्याबद्दल बोलताना हिरड्या आणि कीड यांची गल्लत सारखी होते, जाहिरातींत तर हटकून होते. पीलूच्या झाडाच्या मुळाची काडी, म्हणजे मिस्वाक, हे त्याचं चांगलं उदाहरण. अरबस्तानापासून आपल्यापर्यंत ती शतकानुशतकं वापरात आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनंही १९८६ साली तिच्या वापराला उत्तेजन दिलं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी दाखवलं की या काडीतून बेंझाइल आयसोथायोसायनेट हे मोहरीच्या झणक्याच्या कुळातलं उडून जाणारं द्रव्य निघतं आणि काडी स्पर्श न करताही जंतू मारते. पण मारते कुणाला? मुख्यतः हिरड्यांच्या रोगाशी संबंधित जंतूंना. म्यूटन्सवर तिचा परिणाम बराच कमी आढळला. म्हणून ‘मिस्वाकनं हिरड्या सुधारतात’ हे वाक्य आणि ‘मिस्वाकनं दात किडत नाहीत’ हे वाक्य वेगवेगळं तपासावं लागतं. ओव्यात भरपूर असणाऱ्या थायमॉलबद्दलही हेच. पहिल्या महायुद्धाआधी भारतातून ओवा जर्मनीला जायचा तो थायमॉल काढण्यासाठी. आज नामांकित माउथवॉशमध्ये ते असतं, आणि हिरड्यांची सूज व दातांवरचा थर कमी करण्याचे त्याचे पुरावेही चांगले आहेत. किडीचे नाहीत. लवंगेच्या तेलानं ठणका थांबतो म्हणून दाढ बरी झाली असं मानून पुढचे सहा महिने दवाखाना टाळणारी माणसं मी घरातच पाहिली आहेत.

तिळाच्या तेलाच्या चुळा, म्हणजे आपला गंडूष, यावर चेन्नईत प्रयोग झाले. त्रिफळ्याच्या काढ्यावर उत्तरेत शाळकरी मुलांमध्ये प्रयोग झाले. निंबाच्या काडीच्या अर्कानं जंतूंचं दाताला चिकटणं कमी होतं असं अमेरिकेतही आढळलं. हे सगळे दुवे खरे आहेत. पण माणसांवरचे प्रयोग बहुधा थोड्या लोकांवरचे, काही आठवड्यांचे नाही तर महिन्यांचे, आणि त्यांत मोजले ते बहुतेक वेळा लाळेतले जंतू किंवा थर. एनॅमलला भोक पडायला वर्ष-दोन वर्षं लागतात. सहा आठवड्यांच्या प्रयोगात भोक पडलं नाही, याला काही अर्थ नसतो.

तुलनेला फ्लोराइड आहे, आणि ते डावलून या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टवरचे ७० प्रयोग, त्यांत ४२,३०० मुलं, असा एकत्रित हिशेब कॉक्रेन संस्थेच्या २००३ च्या आढाव्यात मांडला आहे. कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण त्याच्यामागे मोजलेली भोकं आहेत, मोजलेले जंतू नाहीत. कुठल्याही वनस्पतीजन्य द्रव्यामागे आज एवढं बळ नाही. म्हणून ‘रसायन नको, निसर्ग हवा’ म्हणत मुलाची फ्लोराइडची पेस्ट बंद करून नुसत्या वनौषधी दंतमंजनावर त्याला ठेवणाऱ्या आईबापांना मी कळकळीनं सांगेन, असं करू नका. तुम्ही सिद्ध झालेली वस्तू काढून आशा देणारी वस्तू ठेवताय. वनौषधी हवी असेल तर फ्लोराइडच्या जोडीनं वापरा.

सगळ्यांत मजबूत पुरावा ज्या वनस्पतीजन्य पदार्थामागे आहे तो औषध नव्हेच, गोडवा आहे. फिनलंडमध्ये बर्च झाडाच्या लाकडातून झायलिटॉल करत. तुर्कू शहरात १९७२ ते १९७४ या काळात १२५ जणांच्या तीन गटांना साखर, फ्रुक्टोज किंवा झायलिटॉल यांवर ठेवलं. दोन वर्षांनी झायलिटॉलच्या गटात नवीन कीड जवळजवळ नव्हती. म्यूटन्स झायलिटॉल आत घेतो पण त्याचं आम्ल करू शकत नाही, आणि चिकट साखळी तर त्यापासून होतच नाही. नंतरच्या कडक छाननीत हे यश बरंच आटलं. कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात फ्लोराइडच्या पेस्टमध्ये १० टक्के झायलिटॉल घातल्यास कीड आणखी १३ टक्क्यांनी कमी होते असं निघालं, आणि तो पुरावाही कमी दर्जाचा ठरवला गेला. अमेरिकेत प्रौढांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात झायलिटॉलच्या गोळ्यांचा ठळक फायदा दिसला नाही. तुर्कूमध्ये साखर जाऊन झायलिटॉल आलं होतं, नंतरच्या प्रयोगांत साखर तशीच राहून वर झायलिटॉल आलं, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. झायलिटॉल आता दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून करतात, आणि उसाच्या चिपाडापासूनही करता येतं. ज्या उसानं आपले दात खाल्ले त्याच्याच चिपाडातून दातांना न छळणारा गोडवा निघू शकतो, आणि चिपाडाचे डोंगर कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांच्या आवारातच उभे असतात. (घरात कुत्रा असेल तर मात्र सांभाळा, झायलिटॉल कुत्र्याला विष आहे.)

आपल्याकडे हा विषय उद्योगाच्या अंगानंही जुना आहे. कलकत्ता केमिकलनं निंबाची टूथपेस्ट काढली. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत विको सुरू केली आणि वज्रदंती, म्हणजे आपली काटेरी पिवळी कोरांटी, पेस्टच्या नावावर आली. ही पेस्ट औषध की प्रसाधन, हा करआकारणीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मला त्या वादात कराहून मोठा प्रश्न दिसतो. औषध म्हणायचं तर कोणत्या द्रव्याची किती मात्रा, दर नळीत तेवढीच आहे का, आणि तिनं काय होतं, हे सांगावं लागतं. एकाच जातीच्या झाडातही द्रव्याचं प्रमाण जमीन, हंगाम आणि तोडणीप्रमाणे बदलतं. वनौषधी पेस्टच्या नळीवर झाडांची नावं असतात, सक्रिय द्रव्याचं मोजमाप क्वचितच.

वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज मात्र मुळातूनच सोडायला हवा. आजोळी सकाळी मागच्या पडवीत आजी तव्यावर काळी भाजलेली मिश्री बोटानं हिरड्यांना लावून बराच वेळ गप्प बसलेली असायची. आजोबा परसात आंब्याचं पान दुमडून दातांवरून फिरवायचे. आम्हा मुलांच्या तळहातावर भाताच्या तुसाची राखुंडी. तिन्ही गोष्टी झाडाच्याच. पानानं निदान नुकसान झालं नाही, राखुंडीनं एनॅमल घासलं गेलं, आणि मिश्री म्हणजे सरळ तंबाखू. ‘दात घट्ट राहतात’ या एका वाक्यावर महाराष्ट्रातल्या बायकांच्या पिढ्या तिच्या आहारी गेल्या, गरोदरपणातही. १९९२ साली केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्याला कुठला कायदा लागणार? कातही पानाच्या विड्यात सुपारीच्या सोबतीनं जातो, आणि नुसती सुपारीही माणसाला कर्करोग करते हे आता निःसंशय आहे. चरकसंहितेतल्या दातवणाच्या झाडांत कण्हेर आणि रुई आहेत. दोन्ही विषारी. ती वापरणाऱ्या वैद्याला मात्रा आणि निषेध ठाऊक होते. अपचन, ओकारी, खोकला, ताप असताना काडी चावू नये, असंही त्याच परंपरेनं सांगितलं आहे. आपण यादी ठेवली आणि निषेध विसरलो.

फ्लोराइडलाही मर्यादा आहेत, आणि वनस्पतींची गरज मला तिथेच सर्वांत खरी वाटते. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. मुलांचे दात पिवळे-तपकिरी, पाठी वाकलेल्या. अशा गावात लहान मुलाच्या पेस्टमधल्या फ्लोराइडबद्दल डॉक्टरही हात आखडता घेतात, कारण मूल पेस्ट गिळतं. साखरेची बिस्किटं आणि गोळ्या मात्र तिथल्या दुकानातही टांगलेल्या असतातच. कमी फ्लोराइड आणि सोबत चिकटपणा तोडणारं वनस्पतीजन्य द्रव्य, ही उंदरांच्या दातांवर चाललेली जोडी अशा मुलांसाठी तपासली गेली पाहिजे. द्रव्य लाळेत वाहून जाऊ नये यावरही आता काम होतंय. फार्नेसॉल सूक्ष्म कणांत भरून ते कण एनॅमलला चिकटवायचे आणि सामू खाली गेला की औषध सुटायचं, असा प्रयोग रॉचेस्टरमध्येच झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. आम्ल झालं की औषध येतं, नाही तर ते गप्प बसून राहतं.

कातावर असं काम इथे का होऊ नये? खैर आपल्याकडे आहे, कात करणारे हात आहेत, नागपूर-मुंबईला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, सहा वर्षांच्या मुलांनी भरलेल्या आश्रमशाळा आहेत. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ गुपचूप वर येते. ती दुधाचीच समजून घरचे लक्ष देत नाहीत, आणि तिच्या खोल खाचांत कीड सर्वांत आधी बसते. कॅटेचिनची मात्रा मोजून ठरवलेला काताचा लेप अर्ध्या मुलांच्या दाढांना, नुसता रंगीत लेप उरलेल्यांना, पेस्ट आणि दंतवैद्याची तपासणी सगळ्यांना सारखी, आणि लेप कुणाला कोणता हे तपासणाऱ्याला माहीत नाही. मग दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी आरसा आणि बॅटरी घेऊन त्याच दाढा, त्याच खाचा पुन्हा पाहायच्या आणि भोकं मोजायची.